सांधा दुखतो, मग डॉक्टर नखे का पाहतात?

सांधेदुखीची तक्रार घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे गेलेल्या अनेकांना पहिल्याच भेटीत एका गोष्टीचे नवल वाटते. दुखत असते गुडघ्यात किंवा टाचेत. डॉक्टर मात्र हातापायांची नखे उजेडात धरून पाहतात, डोक्यावरचे केस बाजूला सारून टाळू तपासतात, कोपरांवरून बोट फिरवतात, आणि बेंबीत, कानामागे किंवा बसायच्या जागेच्या फटीत कधी खवले येतात का, असा थोडा अवघडून टाकणारा प्रश्नही विचारतात. घरात आईवडिलांपैकी, मामा-मावशींपैकी कुणाला वर्षानुवर्षे न जाणारा ‘नायटा’ होता का, हेही विचारून घेतात. हा सगळा शोध सोरायसिसचा असतो.

सोरायसिस हा कातडीचा आजार म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तो सांध्यांतही उतरू शकतो, हे मात्र तो आजार वीस वर्षे अंगावर बाळगणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. परिणामी एकाच आजाराच्या दोन फायली तयार होतात. एक त्वचारोगतज्ज्ञाकडे, दुसरी हाडांच्या डॉक्टरकडे. आणि या दोन फायली एकमेकींना कधीच भेटत नाहीत. सांध्यांच्या या आजाराला वैद्यकात सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. या लेखात आपण त्याला सोरायसिसचा संधिवात म्हणू.

कच्च्या विटांची भट्टी

आधी कातडीत काय होते ते पाहू. आपल्या कातडीच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात, हळूहळू वर सरकतात, पक्व होतात आणि शेवटी नकळत झडून जातात. निरोगी कातडीत या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तोच प्रवास चारपाच दिवसांत उरकला जातो. वीटभट्टीतून विटा नीट भाजण्याआधीच बाहेर काढून रचत सुटावे, तशा अर्धकच्च्या पेशींचे थर एकमेकांवर चढतात. लालसर, उंचावलेला चट्टा आणि त्यावरचे चंदेरी खवले हे त्याचेच दृश्य रूप आहे.

ही घाई कातडीने स्वतःहून केलेली नसते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा, म्हणजे जंतूंशी लढणारी आपली फौज, शत्रू नसताना युद्धाची दवंडी पिटते. दवंडी इथे रसायनांची असते. फौजेतील पेशी एकमेकींना विशिष्ट प्रथिने सोडून निरोप देतात. त्यांतील तीन निरोप या आजारात महत्त्वाचे आहेत. त्यांची नावे टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७ अशी आहेत. ती लक्षात ठेवण्याची गरज नाही, पण हेच निरोप कातडीत जशी खळबळ माजवतात तशीच सांध्यातही माजवतात, एवढे लक्षात असू द्यावे. या खळबळीमुळे येणारी सूज, लाली, उष्णता आणि वेदना यांना एकत्रितपणे दाह म्हणतात.

ओघात एक सांगणे आवश्यक आहे. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. युरोपात शतकानुशतके त्याची गल्लत कुष्ठरोगाशी होत राहिली आणि व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे दोन आजार ठामपणे वेगळे केले. आपल्याकडे ही गल्लत समाजाच्या नजरेतून अजून पूर्ण गेलेली नाही. त्यामुळे रुग्ण चट्टे लपवतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घालतात, आणि हाडांच्या डॉक्टरकडे गेल्यावर त्यांचा उल्लेखही करत नाहीत. निदान उशिरा होण्याचे हे एक कारण आहे आणि ते रक्ताच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाही.

दावे ओढले जाते, माती मात्र खुंट्यापाशी सैल होते

कातडीतला दाह सांध्यात कसा पोहोचतो, हे समजून घेण्यासाठी सांध्याच्या शेजारची एक जागा ओळखावी लागते. स्नायू हाडाला थेट चिकटत नाहीत. ते दोरीसारख्या चिवट कंडरांनी हाडाला बांधलेले असतात, आणि कंडरा हाडात जिथे रुजते ती जागा म्हणजे कंडरामूळ. टाचेच्या मागे, तळपायाखाली, गुडघ्याच्या वाटीभोवती, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, बरगड्यांपाशी, अशी शेकडो कंडरामुळे आपल्या अंगात आहेत.

खुंट्याला बांधलेले जनावर दिवसभर दावे ओढते, तेव्हा झीज दाव्याची होतेच. पण माती सैल होते ती खुंट्याच्या बुडाशी. कंडरामुळाचेही तसेच आहे. चालताना, उकिडवे बसताना, वजन उचलताना सगळा ताण तिथे एकवटतो आणि सूक्ष्म इजा होत राहतात. निरोगी माणसात त्या गुपचूप भरून निघतात. सोरायसिसची प्रवृत्ती असलेल्या माणसात मात्र एवढ्याशा इजेवर फौज धावून येते आणि परत जायचे नाव घेत नाही. कातडीवर याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे: सोरायसिसच्या रुग्णाला जिथे खरचटते किंवा टाके पडतात, तिथे पुढे नवा चट्टा उठू शकतो. कंडरामुळाशी घडते ते बरेचसे याच जातीचे आहे, असे अनेक संशोधक मानतात. तेथून दाह सांध्याच्या आतल्या अस्तरात पसरतो आणि सांधा सुजतो.

आता नखांचा उलगडा करता येतो. नख ही कातडीची निर्मिती असली, तरी त्याचे मूळ बोटाच्या शेवटच्या सांध्यापासून जेमतेम काही मिलिमीटरवर असते. बोट सरळ करणारी जी कंडरा त्या सांध्यापाशी हाडात रुजते, तिचे तंतू पुढे नखाच्या मुळाभोवती पसरलेले असतात. म्हणजे नख, कंडरामूळ आणि सांधा हे एकाच भिंतीला लागून असलेले तीन शेजारी आहेत. एकाच्या घरात आग लागली की धूर दुसऱ्याच्या घरात जातो. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे नखावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडणे, नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट-तांबूस डाग दिसणे, नख पुढच्या बाजूने सुटून वर येणे, या खुणा म्हणूनच मोलाच्या आहेत. नुसता कातडीचा सोरायसिस असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना नखांचा त्रास आढळतो. सांधे धरलेल्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्याकडे मात्र अशा नखांना बुरशी ठरवून महिनोन्‌महिने बुरशीची औषधे देण्याचा प्रघात आहे. बुरशी असूही शकते, कधी दोन्ही एकत्र असतात. पण नखाचा तुकडा तपासायला पाठवून हा प्रश्न सोडवता येतो, अंदाजाने नव्हे.

हे दुखणे ओळखायचे कसे

चाळिशीनंतर गुडघा कुरकुरला की आपण ‘वय झाले’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. झिजेची सांधेदुखी आणि दाहाची सांधेदुखी यांत फरक करण्याची साधी कसोटी घड्याळ आहे. झिजलेला सांधा दिवसभराच्या वापरानंतर संध्याकाळी जास्त दुखतो आणि विश्रांतीने शांत होतो. दाह असलेला सांधा याच्या उलट वागतो. सकाळी उठल्यावर तो गंजल्यासारखा अडकतो, मूठ वळत नाही, पहिली काही पावले भिंतीला धरून टाकावी लागतात, आणि ही जखडण अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त टिकून हालचालीने हळूहळू सैल होते. पाठीचे दुखणे असेल तर ते पहाटेच्या सुमारास झोपमोड करते आणि उठून चार येरझाऱ्या घातल्या की उतरते.

दाहाच्या संधिवातांत सर्वांत परिचित तो आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सोरायसिसचा संधिवात त्याच्यापासून वेगळा ओळखायचा तर हातांकडे नीट पाहावे लागते. आमवात बहुधा दोन्ही हातांना सारखाच धरतो आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडव्या रांगेत सुजवतो. सोरायसिसचा संधिवात पुष्कळदा एकांगी असतो. एका हाताचे मधले बोट, दुसऱ्या पायाचा घोटा, असा. तो उभ्या रांगेत चालतो, म्हणजे एकाच बोटाचे तिन्ही सांधे धरतो, आणि आमवात सहसा ज्याला हात लावत नाही तो नखाजवळचा शेवटचा सांधाही सोडत नाही. अर्थात नियमाला अपवाद आहेत. काही रुग्णांत तो हुबेहूब आमवातासारखा दिसतो.

त्याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे आख्खे बोट सुजणे. सांधा तेवढा फुगत नाही. मुळापासून टोकापर्यंत सगळे बोट वेलची केळ्यासारखे गुबगुबीत आणि लालसर होते, कारण दाह सांधे, कंडरा आणि त्यांवरची आवरणे यांत एकाच वेळी असतो. पायाच्या बोटाला हे झाले की ‘युरिक अ‍ॅसिड वाढले असेल’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्यात आणखी एक चकवा आहे: सोरायसिसमध्ये पेशींची उलाढाल वाढलेली असल्याने रक्तातील युरिक अ‍ॅसिड खरोखरच थोडे वाढलेले सापडू शकते. आकडा वाढला म्हणजे गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा संधिवात, सिद्ध झाला असे नव्हे.

दुसरी खूण टाचेची. टाच दुखते, एक्स-रेमध्ये हाडाला टोक दिसते, ‘टाचेचे हाड वाढलंय’ असे सांगून मऊ चपला घ्यायला लावतात. अशा टाचदुखीची बहुतेक कारणे साधीच असतात. पण जिला सोरायसिस आहे अशी पस्तिशीची बाई दोन्ही टाचांच्या दुखण्याने सकाळी जमिनीवर पाय टेकवू शकत नसेल, तर केवळ चपला बदलून भागणार नाही. ते कंडरामुळाचे दुखणे असू शकते. २००६ च्या साथीपासून महाराष्ट्रात प्रत्येक लांबलेल्या सांधेदुखीवर चिकनगुन्याचा शिक्का मारण्याची सवयही लागली आहे. ताप न येता सुरू झालेली आणि महिने उलटले तरी न ओसरणारी सूज त्या खात्यात टाकून मोकळे होणे बरोबर नाही.

‘पण रिपोर्ट तर नॉर्मल आले’

हा आक्षेप सर्वाधिक वेळा ऐकू येतो, आणि त्यातूनच सर्वाधिक वेळ वाया जातो. सांधेदुखी म्हटली की रक्तातील आरए फॅक्टर तपासला जातो आणि तो निगेटिव्ह आला की ‘संधिवात नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. वस्तुतः ती तपासणी आमवाताची आहे. सोरायसिसच्या संधिवातात ती निगेटिव्ह येणे हेच अपेक्षित असते, इतके की निदानाच्या निकषांत निगेटिव्ह निकालाला एक गुण दिला जातो. दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्याही जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मल असू शकतात. या आजारावर होकाराचा किंवा नकाराचा शिक्का मारणारी एकही रक्ततपासणी आजमितीला नाही.

हा आजार वेगळा म्हणून मान्य व्हायलाही म्हणूनच वेळ लागला. पॅरिसमध्ये जाँ-लुई अलिबेर यांनी १८१८ मध्येच सोरायसिस आणि सांधेदुखी यांचा संबंध नोंदवला होता, १८६० मध्ये पिएर बाझँ यांनी त्याला नावही दिले. तरी पुढे शंभर वर्षे बहुतेक डॉक्टर असेच मानत होते की आमवाताच्या रुग्णाला योगायोगाने सोरायसिसही झाला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आरए फॅक्टरची तपासणी आली आणि या रुग्णांत ती निगेटिव्ह येते असे दिसू लागले, तेव्हा कोडे सुटायला लागले. इंग्लंडमधील लीड्सच्या व्हर्ना राइट यांनी या रुग्णांचा चिकाटीने अभ्यास केला, १९६४ मध्ये अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने आजाराला स्वतंत्र स्थान दिले, आणि १९७३ मध्ये मॉल आणि राइट यांनी त्याचे पाच प्रकार वर्णिले. ज्या तपासणीने हा आजार वेगळा ओळखू आला, तीच तपासणी निगेटिव्ह म्हणून आज रुग्णांना परत पाठवले जाते, हे मला फार विचित्र वाटते.

२००६ पासून जगभर वापरले जाणारे निकष साध्या जमाखर्चासारखे आहेत. सांधा, कणा किंवा कंडरामूळ यांत दाह असणे ही पहिली अट. त्यापुढे अंगावर आज सोरायसिस असेल तर दोन गुण. तो नसेल, पण पूर्वी होता किंवा जवळच्या नात्यात आहे, तर एक. नखांच्या खुणांना एक, बोट सुजल्याला एक, आरए फॅक्टर निगेटिव्ह असल्याला एक, आणि एक्स-रेमध्ये सांध्यालगत नवे हाड वाढलेले दिसल्यास एक. तीन गुण भरले की निदानाला भक्कम आधार मिळतो. या यादीतील बहुतेक गोष्टी डोळ्यांनी पाहून आणि तोंडाने विचारून कळतात. सुजेबद्दल शंका असेल तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआयचा उपयोग होतो.

‘माझ्या अंगावर तर दोनच चट्टे आहेत’

सोरायसिस असलेल्यांपैकी सर्वांनाच सांध्यांचा त्रास होत नाही. जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले तर साधारण पाचांत एकाला तो होतो असे दिसते. भारतातील काही रुग्णालयीन पाहण्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले आहे. हा फरक काही अंशी आनुवंशिक असेल, पण काही अंशी तो कुणी विचारलेच नाही म्हणूनही असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

चट्टे जितके जास्त तितका सांध्यांचा धोका वाढतो, हे सर्वसाधारणपणे खरे असले तरी त्याचा उलटा अर्थ काढता येत नाही. अंगावर रुपयाएवढा एकच चट्टा असलेल्या माणसाचे सांधे गंभीरपणे धरलेले असू शकतात. चट्टे किती यापेक्षा कुठे आहेत, याला कधी अधिक वजन असते: टाळू, नखे आणि ढुंगणाची फट या जागांचा सोरायसिस असणाऱ्यांत पुढे संधिवात होण्याची शक्यता जास्त आढळली आहे. यातील टाळूचा सोरायसिस बहुतेक जण कोंडा समजून शाम्पू बदलत राहतात, आणि फटीतल्या चट्ट्याबद्दल तर रुग्ण स्वतःहून कधीच सांगत नाहीत. डॉक्टरांच्या त्या अवघड प्रश्नाचे कारण हे आहे.

क्रमाचेही तसेच. दहांपैकी सातआठ रुग्णांत कातडी आधी बिघडते आणि सांधे काही वर्षांनी, सरासरीने सात ते दहा वर्षांनी धरतात. त्यामुळे जुना, विसरल्यासारखा झालेला सोरायसिसही महत्त्वाचा ठरतो. काहींत दोन्ही एकदम येतात, आणि शंभरात सुमारे पंधरांत सांधे आधी दुखू लागतात व चट्टा नंतर उठतो. अशांचे निदान करताना नात्यातील सोरायसिस हाच काय तो धागा हाती असतो.

सोरायसिसच्या गोतावळ्यातील आणखी एक आजार इथे सांगायला हवा. तळहात आणि तळपाय यांवर पू भरल्यासारखे बारीक, पिवळे फोड वारंवार येतात, त्यांत जंतू सापडत नाहीत आणि धूम्रपानाशी त्याचा घट्ट संबंध आहे. या रुग्णांपैकी काहींना छातीच्या वरच्या भागात, गळपट्टीचे हाड छातीच्या हाडाला मिळते तिथे, सूज आणि वेदना होते. ती हृदयाची असेल या भीतीने ईसीजी होतो, तो ठीक येतो, आणि रुग्ण तळपायाच्या फोडांचा विषय काढत नाही, कारण छातीचा आणि तळपायाचा संबंध कोण जोडणार? फ्रेंच डॉक्टरांनी १९८७ मध्ये अशा त्वचा-अस्थी जोडीला साफो सिंड्रोम हे नाव दिले. आजार विरळ आहे, पण दोन फायलींची अडचण त्यात फार ठळकपणे दिसते.

‘गोळी घेतली की दुखणे थांबते, मग घाई कशाला?’

घाई यासाठी, की दुखणे थांबणे आणि नुकसान थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आजार हाड दोन्हीकडून बिघडवतो. एका जागी कुरतडतो आणि शेजारीच नको असलेले नवे हाड उभारतो. फार बळावलेल्या, पण सुदैवाने विरळ प्रकारात एका हाडाचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते होऊन समोरच्या हाडाच्या वाटीत रुतलेले एक्स-रेमध्ये दिसते. झालेली झीज औषधाने परत भरत नाही.

डब्लिनमधील एका दवाखान्यात आजाराच्या अगदी सुरुवातीला आलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा पहिल्या तपासणीत २७ टक्क्यांच्या आणि दोन वर्षांनी ४७ टक्क्यांच्या हाडांवर कुरतडल्याच्या खुणा होत्या. तेही तेव्हाचे उपचार चालू असताना. आयर्लंडमध्येच झालेल्या २०१५ मधील दुसऱ्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचायला सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांचे सांधे पुढे अधिक खराब झालेले आढळले. सहा महिने हा काळ आपल्याकडे एका मलमातून दुसऱ्या मलमात आणि एका वेदनाशामकातून दुसऱ्यात सहज निघून जातो.

सांधे सोडून शरीरात इतरत्रही या दाहाचे पडसाद उमटतात. सोरायसिसच्या संधिवातासोबत लठ्ठपणा, मधुमेह, यकृतातील चरबी, हृदयविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण वाढलेले आढळते. डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि उजेड सहन होईना, तर ते डोळे येणे समजून थेंब टाकत बसू नये. डोळ्याच्या आतल्या भागात दाह झालेला असू शकतो आणि त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.

औषधे आणि त्यांची भीती

सौम्य आजारात वेदनाशामके आणि एखाद्या सांध्यात दिलेले इंजेक्शन पुरते. त्यापलीकडे आजाराची गती रोखणारी औषधे लागतात, आणि त्यांत आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट आहे. त्याच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात अमिनोप्टेरिन आणि त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट तयार झाले, ते मुख्यतः रक्ताच्या कर्करोगासाठी वापरले गेले. १९५१ मध्ये गुबनर आणि सहकारी अमिनोप्टेरिन संधिवातावर वापरून पाहत होते, तेव्हा कातडीवरचा सोरायसिसही निवळल्याचे त्यांच्या अनपेक्षितपणे लक्षात आले. कातडी आणि सांधा एका सूत्रात आहेत, हे औषधाने असे आपसूक दाखवून दिले.

‘ते कॅन्सरचे औषध आहे’ ही भीती याच इतिहासातून येते. कर्करोगातील मात्रा आणि संधिवातातील मात्रा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायची असते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून घेण्याचा वार चिठ्ठीवर आणि कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावा. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, ठरावीक अंतराने रक्त आणि यकृताची तपासणी, मद्य टाळणे, आणि मूल हवे असल्यास काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बंद करणे, ही पथ्ये अनिवार्य आहेत. मेथोट्रेक्सेट कातडीला चांगले लागू पडते. सांध्यांवरच्या त्याच्या प्रभावाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि त्याने भागले नाही तर पुढची पायरी चढावी लागते.

ती पायरी म्हणजे बायोलॉजिक इंजेक्शने. वर दवंडीचा उल्लेख केला तो इथे कामी येतो: ही औषधे फौज मारत नाहीत, एकेका दवंडीवाल्याचे तोंड बंद करतात. टीएनएफ हा निरोप अडवणारे एटानरसेप्ट २००२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाले. पुढे इंटरल्यूकिन-१७ आणि २३ अडवणारी इंजेक्शने आणि काही गोळ्याही आल्या. किंमत हा मोठा अडसर होता आणि आहे. मात्र अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने २०१४ च्या डिसेंबरात टीएनएफ अडवणाऱ्या अ‍ॅडालिमुमॅब या औषधाची जगातील पहिली प्रतिकृती भारतात आणली, ती मूळ औषधाच्या अमेरिकेतील किमतीच्या जवळपास पाचव्या हिश्शात, आणि तेव्हापासून चित्र थोडे बदलले आहे. टीएनएफ अडवला की शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्या देशात हा धोका कागदी नाही, म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

औषध आयुष्यभर घ्यावे लागेल का? बऱ्याच जणांना दीर्घकाळ लागते, काहींना आजार शांत झाल्यावर मात्रा कमी करता येते. महत्त्वाचे आहे ते पाठपुरावा करणे. ब्रिटनमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर चार आठवड्यांनी तपासून औषध वाढवत नेलेल्या गटात ६२ टक्के रुग्णांत ठरावीक सुधारणा झाली. दर बारा आठवड्यांनी तपासलेल्या गटात ती ४४ टक्के होती. दुष्परिणामही पहिल्या गटात जास्त दिसले, हेही सांगितले पाहिजे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी ठामपणे बोलेन. ‘सांधेदुखीची पुडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या औषधांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत वेदना पळते, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. सोरायसिसच्या माणसाला त्यांचा आणखी एक धोका असतो: पोटात घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबले की सोरायसिस उसळून येऊ शकतो, कधी अंगभर पुवाचे फोड येण्याच्या गंभीर रूपात.

आंबट, वांगे आणि वजन

आंबट, वांगे, डाळी सोडल्याने हा आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. एखाद्याला अमुक पदार्थाने त्रास वाढतो असे वाटत असेल तर त्याने तो खुशाल टाळावा, पण डाळी सोडून प्रथिने कमी करून घेऊ नयेत. ज्या पथ्याला पुरावा आहे ते कुणालाच आवडत नाही: वजन कमी करणे. इटलीतील एका अभ्यासात, टीएनएफविरोधी औषध सुरू केलेल्या जाड रुग्णांपैकी ज्यांनी पाच टक्के किंवा अधिक वजन घटवले, त्यांचा आजार आटोक्यात येण्याचे प्रमाण इतरांहून लक्षणीय जास्त होते. ८० किलोच्या माणसासाठी हा हिशेब चार किलोंचा आहे. व्यायामही थांबवू नये; सांधा फार सुजलेला असताना त्याला थोडी विश्रांती द्यावी, एरवी पोहणे, चालणे, सायकल यांनी जखडण कमीच होते.

भेटीला जाण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये सोरायसिसच्या रुग्णांना वर्षातून एकदा पाच साधे प्रश्न विचारण्याची शिफारस आहे. सांधा कधी सुजला होता का, कुणा डॉक्टरने संधिवात असल्याचे सांगितले आहे का, नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखते का, एखादे बोट कारणाशिवाय पूर्ण सुजून दुखले होते का. तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली, तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवले जाते. हे प्रश्न आपल्याकडे कुणी विचारेल याची वाट पाहण्याची गरज नाही. त्वचेच्या डॉक्टरांना टाचेबद्दल आणि हाडांच्या डॉक्टरांना टाळूबद्दल आपण होऊन सांगता येते.

या आजाराची सूज लपाछपी खेळते. तज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनी मिळते आणि त्या दिवशी नेमके बोट सरळ असते. म्हणून बोट सुजेल त्याच दिवशी, शेजारच्या बोटासह, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. चट्ट्यांचे आणि नखांचेही फोटो काढावेत, आणि भेटीच्या दिवशी नेलपॉलिश लावू नये.